कहूवरची गिधाडं

विजयाबाई कळंब्यांना स्वतःचं घर मिळायला लग्नानंतर वीस-बावीस वर्षं वाट पाहावी लागली. तोवर सगळा संसार पांढुर्ण्याच्या बाजारात, एका किराणा दुकानाच्या माडीवर दोन खोल्यांत झाला. खाली मिरचीचं पोतं फुटलं की वर सगळ्यांना शिंका लागायच्या. बाई कन्याशाळेत भूगोल शिकवायच्या. यजमान प्रभाकर सौंसरच्या तहसील कचेरीत होते. सकाळच्या मोटारीनं जायचे ते दिवेलागणीला परतायचे. अखेर १९८४च्या दिवाळीला, गाव संपतं तिथल्या नव्या वस्तीत, जाम नदीच्या काठाला त्यांचं घर उभं राहिलं. तीन खोल्या, मागे अंगण आणि वर मोकळी गच्ची. गच्चीवरून नदीचं पात्र दिसायचं, पलीकडे संत्र्याचे बगीचे आणि त्यामागे सातपुड्याची निळी कड. पहिल्या दिवशी बाई गच्चीवर गेल्या आणि उगाचच रडल्या.

फक्त एक गोष्ट त्यांना खुपायची. घरासमोर, नदीच्या अगदी काठावर, अर्जुनाचं एक जुनं झाड होतं. तिकडे त्याला कहू म्हणतात. पांढुरकं गुळगुळीत खोड, दोन माणसांच्या कवेत न मावणारं. त्या कहूवर गिधाडांची वस्ती होती. फांद्यांच्या बेचक्यांत काटक्यांची मोठाली घरटी आणि खाली विष्ठेनं पांढरी झालेली जमीन. गावातली मेलेली गुरं लोक नदीच्या खोलगटात आणून टाकायचे. जनावर पडलं की गिधाडं आभाळातून एकामागून एक उतरायची, भांडायची, फिसकारायची आणि उन्हं चढायच्या आत हाडं तेवढी उरायची. मग जड अंगानं उडून कहूवर बसायची, पंख पसरून वाळत घातल्यासारखी.

बाईंची मुलगी वंदना छिंदवाड्याहून बी.एस्सी. होऊन घरी आली होती. तिला या गिधाडांचं कोण वेड! सकाळी चहाचा कप घेऊन गच्चीवर जायची आणि तिथूनच ओरडायची, “आई, लवकर ये! पाहा, एक आल्याशिवाय दुसरं घरट्यातून उठत नाही. पाळीपाळीनं अंडं उबवून राहिले ते दोघं.”

“मला नको दाखवू ते घाणेरडं,” बाई खालूनच म्हणायच्या. तरी एकदोनदा वंदनानं त्यांना हाताला धरून वर नेलंच. गळ्याखालची पोटळी फुगवून एक गिधाड आलं होतं. घरट्याच्या काठावर उभं राहून त्यानं मान खाली घातली आणि आतून राखाडी लवेचं एक लहानसं डोकं वर आलं. “स्वतः पोटभर खातं आणि पिल्लासाठी गळ्यात साठवून आणतं,” वंदना म्हणाली. बाईंनी पाहिलं, आणि “चल, पोळ्या राहिल्या आहेत” म्हणून खाली आल्या. पाहिलंच नाही असं मात्र त्यांना पुढे कधी म्हणता येणार नव्हतं.

माघात सौंसरचे एक संत्र्याचे बागाईतदार मुलीला पाहायला आले. मुलगा बँकेत होता, घरचं चांगलं होतं. बाईंनी आठवडाभर घर घासलं. पाहुणे फाटकाशी उतरले आणि नेमका त्याच दिवशी खोलगटात कोणीतरी मेलेला बैल टाकला होता. वारा घराकडेच वाहत होता. मुलाच्या आत्यानं नाकाला पदर लावला. पोहे झाले, चहा झाला. मुलाला आणि मुलीला बोलायला म्हणून थोडा वेळ गच्चीवर पाठवलं. पाहुणे निघताना अंगणात आले तर गच्चीच्या कठड्यावर एक भलंमोठं गिधाड बसलेलं. उघडी मान, वाकडी चोच. बैलावर ताव मारून आलं होतं, उडवत नव्हतं त्याच्यानं. हाकललं तरी हलेना.

“घरावर गिधाड?” आत्या म्हणाली.

आठ दिवसांनी निरोप आला, योग दिसत नाही म्हणून. बाईंनी तो निरोप ऐकला, गच्चीवर गेल्या आणि कहूकडे बराच वेळ बघत राहिल्या. या वेळी डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता. वस्तीतल्या बायकांत बातमी पसरलीच होती. शाळेतही एकीनं विचारलं, “बाई, ते गिधाड खरंच घरात शिरलं होतं का हो?” बाईंना शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढे जी शरम त्यांच्या वाट्याला येणार होती तिच्यापुढे ही काहीच नव्हती, पण ते तेव्हा त्यांना कुठून कळणार?

त्यांनी भिवाजीला बोलावणं पाठवलं. भिवाजी लाकडाचा ठेकेदार. झाड पाडायचं आणि लाकूड आपण न्यायचं, असा त्याचा व्यवहार. तो आला, कहूच्या भोवती फिरला, वर मान करून उभा राहिला.

“तोडून देतो जी, बाई,” तो म्हणाला. “पण एक सांगून ठेवतो. वरती पिल्लं हायेत. होळीलोक थांबा. उडून गेली का मंग एका दिवसात पाडतो.”

“होळीपर्यंत नाही थांबता येत, भिवाजी. पुढच्या महिन्यात अमरावतीचे लोक येऊन राहिले मुलीला पाहायला.”

“आन् झाड तं सरकारी जागेत हाय. कोनी इचारलं तं?”

“ते मी पाहते. झाड पोकळ झालं आहे, शाळेच्या मुली खालून जातात, अंगावर पडेल, असं सांगते मी.”

भिवाजीनं खोडावर हात फिरवला. झाड कुठूनच पोकळ नव्हतं. “पाहा बाप्पा,” तो म्हणाला. “तुमी शिकलेल्या हाय. मी आपलं सांगतलं.”

नगरपालिकेत बाईंचा शब्द खोटा कोण ठरवणार? निम्म्या नगरसेवकांच्या मुली त्यांच्या हाताखालून गेलेल्या. कोणी येऊन पाहिलंसुद्धा नाही. वंदनाला बाईंनी त्या दिवसांत नागपूरला मामाकडे धाडलं. मामेबहिणीच्या लग्नाची खरेदी आहे, तुझी मदत होईल, म्हणाल्या. खरेदी खरी होती. पण दिवस बाईंनी निवडले होते.

झाड पाडलं त्या दिवशी त्या मुद्दाम शाळेत थांबल्या. वह्या तपासायच्या नव्हत्या, तरी तपासत बसल्या. उन्हं कलली तेव्हा घरी आल्या. वळणावरून घर दिसलं आणि घरासमोरचं आभाळ दिसलं, रिकामं, नको तेवढं मोठं. कहू नदीच्या पात्रात आडवा पडला होता. माणसं आरा-कुऱ्हाडी आवरून गेली होती, फांद्या उद्या न्यायच्या होत्या.

बाई काठापर्यंत गेल्या. नुसतं पाहून परत यायचं, असं त्यांच्या मनात होतं.

घरटी फुटून काटक्या सगळीकडे पसरल्या होत्या. पिल्लं त्यांना वाटलं होतं त्याहून मोठी होती, चांगली कोंबडीएवढी. तीन-चार फांद्यांखाली चिरडून मेली होती. एक वाळूत उताणं पडून पाय झाडत होतं. आणि भोवती, थोड्या अंतरावर, वाळूवर मोठी गिधाडं बसली होती. ओरडत नव्हती, अंगावर येत नव्हती. नुसती बसली होती, माना खांद्यात घालून. तेवढ्यात वरून एक आलं. आभाळात कहूच्या जागेभोवती त्यानं दोन-तीन फेऱ्या घेतल्या. जिथे फांदी असायची तिथे उतरू पाहिलं, तर तिथे काहीच नव्हतं. मग ते खाली पडलेल्या शेंड्यात उतरलं आणि पानांतून चालत, वाकत, शोधत राहिलं. त्याच्या गळ्याखालची पोटळी फुगलेली होती.

ती पोटळी कशासाठी भरलेली असते हे बाईंना ठाऊक होतं.

त्यांनी वाळूतलं पिल्लू उचललं. ते घाबरून त्यांच्या साडीवर ओकलं. तो वास पुढे कितीही धुतला तरी त्या साडीतून गेला नाही. पिल्लू पदरात गुंडाळून त्या घरी आल्या आणि मागच्या अंगणात संत्र्याच्या रिकाम्या टोपलीत त्यांनी ते ठेवलं. प्रभाकर कचेरीतून आले, टोपलीत डोकावले आणि बायकोच्या तोंडाकडे पाहू लागले.

“हे काय आणलं?”

“वरून पडलं.”

“पडलं, का पाडलं?” प्रभाकर म्हणाले. रागानं नाही म्हणाले. पण त्यांनीही तर झाड तोडायला ‘पाहा तुला काय करायचं ते’ एवढंच म्हटलं होतं, त्यामुळे जास्त बोलायला त्यांनाही तोंड नव्हतं. ते हातपाय धुवायला निघून गेले.

त्या घरात मांसमच्छी शिजत नव्हती. पिल्लाला घालायचं काय? दुसऱ्या दिवशी बाई बाजारामागच्या खाटकाच्या दुकानासमोर जाऊन उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा. पदरानं डोकं झाकलं होतं, तरी खाटकानं ओळखलंच.

“अरे, बाई, तुम्ही? आमची मुलगी आठवीत तुमच्याच वर्गात आहे ना!”

“थोडे तुकडे पाहिजे होते. कुत्र्यासाठी,” बाई म्हणाल्या.

त्यानं पुडी बांधून दिली. रोज बाई यायच्या आणि रोज तो आस्थेनं विचारायचा, “कुत्रं कसं आहे बाई? खातं ना?” मग एक दिवस वर्गात त्याच्या मुलीनं सगळ्यांसमोर विचारलं, “बाई, तुमच्या कुत्र्याचं नाव काय?” बाई फळ्याकडे वळल्या आणि नर्मदेचा उगम काढू लागल्या.

वंदना नागपूरहून आली ती स्टेशनावरून रिक्षानं. फाटकाशी उतरली आणि पिशवी हातातच धरून उभी राहिली. बाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होत्या. तिनं घराकडे पाहिलं नाही. जिथे कहू होता तिकडे पाहत राहिली. मग सरळ मागच्या अंगणात आली, टोपलीपाशी बसली.

“कोणी तोडलं?” तिनं विचारलं.

“भिवाजीनं.”

“सांगितलं कोणी?”

“मी.”

वंदनानं पिल्लाच्या चोचीजवळ बोट नेलं, ते फिसकारलं.

“वर पिल्लं आहेत हे तुला माहीत होतं?”

नव्हतं, हा शब्द बाईंच्या अगदी ओठांवर आला होता. तो म्हटला असता तर पोरीनं विश्वास ठेवला असता. जगात दुसऱ्या कोणाला काही कळलं नसतं.

“होतं,” त्या म्हणाल्या. “तूच तर दाखवलं होतं. आणि भिवाजीनंही सांगितलं होतं, होळीपर्यंत थांबा म्हणून.”

“मग काहून नाही थांबली?”

“तुझ्या लग्नासाठी ना, वंदे. सौंसरचे लोक ते गिधाड पाहून गेले. पुन्हा तसंच झालं असतं—”

“ते गिधाड पाहून नाही गेले, आई.” वंदनानं पहिल्यांदा मान वर केली. “गच्चीवर मीच त्या मुलाला सांगितलं, मला एम.एस्सी. करायचं आहे, इतक्यात लग्न नाही करायचं. चांगला होता तो. म्हणाला, मी माझ्याकडून नाही म्हणतो, म्हणजे तुमच्यावर येणार नाही. उलट गिधाडं पाहत बसला होता माझ्यासोबत. किती मोठे पंख आहेत, म्हणे.”

बाई पायरीवर बसल्या.

“मला नाही सांगितलं?”

“तुला सांगितलं असतं तर तू ऐकलं असतं?”

बाई उठून आत गेल्या. चुलीवरचं दूध उतू गेलं होतं, ते पुसत बसल्या.

पिल्लू जगलं नाही. वंदनानं खूप केलं. तुकडे बारीक करून भरवले, मांडीवर घेऊन बसली. पण होळीच्या आधी एका सकाळी ते टोपलीत मान टाकून पडलेलं दिसलं. वंदनानं अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा खणला. बाई फावडं द्यायला गेल्या तर ती म्हणाली, “राहू दे, मी करते.” आवाजात राग नव्हता. तेच बाईंना जास्त लागलं. अमरावतीच्या लोकांना प्रभाकरांनी परस्पर कळवून टाकलं की मुलगी पुढे शिकणार आहे.

इकडे वस्तीत बाईंचा मान वाढला होता. आठ-दहा घरांची वस्ती, आणि सगळ्यांनाच ती गिधाडं नकोशी होती. शेजारचे केशवराव, निवृत्त स्टेशनमास्तर, येता-जाता म्हणायचे, “बाईंनी हिंमत केली म्हणून झालं! आम्ही नुसते नाकं दाबून बसलो होतो.” त्यांनी तर पुढचं पाऊल टाकलं. मेलेल्या जनावरावर गिधाडं उतरायला लागली की ते दिवाळीचे उरलेले सुतळी बॉम्ब लावायचे. हळूहळू पोरंही दगड घेऊन धावू लागली. टेकायला झाड नाही, खाली उतरावं तर बॉम्ब. चैत्रापर्यंत गिधाडं या काठावर यायची बंद झाली. उरलेली थोडी पलीकडच्या काठावर, मसणवट्यामागच्या एका दुसऱ्या कहूवर बसलेली दिसायची. बाई गच्चीवर जाऊन कपडे वाळत घालायच्या तेव्हा तिकडे पाठ करायच्या. लोक कौतुक करायचे तेव्हा त्या हसायच्या, आणि हसू तोंडावर आलं की त्यांना स्वतःचीच किळस यायची.

मग वैशाखात एक म्हैस मेली. कोणीतरी नेहमीप्रमाणे खोलगटात आणून टाकली. पहिल्या दिवशी कुत्री आली, ओढाताण करून गेली. दुसऱ्या दिवशी म्हैस फुगली. तिसऱ्या दिवसापासून वस्तीत कोणाला जेवण जाईना. घराघरांत खिडक्या लावून, उकाड्यात, लोक उदबत्त्या जाळत बसले. माश्या ताटावरून उठेनात. आभाळात एकदोन गिधाडं फार उंचावरून फिरून गेली, उतरली नाहीत.

संध्याकाळी केशवरावांच्या ओसरीवर सगळे जमले. बाई आणि प्रभाकरही गेले. वंदना मागे खांबाला टेकून उभी होती. वस्तीच्या टोकाला राहणारे भाऊराव मेश्रामही आले होते. भाऊराव वीज मंडळात बिलं काढायचे. त्यांच्या दारावर बुद्धाची छोटी मूर्ती होती. त्यांच्या सुशीलाबाई वस्तीतल्या लहान मुलांना फुकट गणित शिकवायच्या. शांत माणसं.

“नगरपालिकेला सांगून पाहिलं,” केशवराव म्हणाले. “त्यांचा माणूस सुटीवर आहे म्हणे.” मग ते भाऊरावांकडे वळले, अगदी गोड आवाजात. “भाऊराव, तुमच्याकडे कोणी असेल ना? तुमच्या लोकांना हे काम ठाऊक असतं. एखाद्याला सांगा, ओढून नेईल गावाबाहेर.”

ओसरी गप्प झाली. कोणी चुळबुळलं नाही.

भाऊरावांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा घातला. “केशवरावजी,” ते म्हणाले, “मरी ओढायचं काम माझ्या बापानं छप्पन साली नागपूरहून आल्यावर सोडलं. तेव्हा गावानं आमचं पाणी बंद केलं होतं, तरी सोडलं. मी विजेची बिलं काढून राहिलो. तुम्हाला बिलाचं काही काम असेल तर सांगा.”

“अहो, तुम्ही उगाच मनाला लावून घेता! मी तर सोयीचं बोललो.” केशवरावांनी घाईनं विषय फिरवला. “बरं, ते राहू द्या. मुळात काय, गिधाडं आहेत म्हणून लोक इथे जनावरं टाकतात. पलीकडचा कहूही पाडून टाकला पाहिजे, म्हणजे मुळातच किस्सा खतम. विजयाबाई, तुमचा तो भिवाजी आहे ना? बाईंनी एकदा बोललं की होऊन जाईल. पहिलंही त्यांनीच केलं.”

सगळ्यांच्या माना बाईंकडे वळल्या. कौतुकानंच वळल्या होत्या. फक्त भाऊराव खाली बघत होते आणि वंदना बाहेर.

बाई उभ्या राहिल्या.

“मी भिवाजीला नाही बोलणार,” त्या म्हणाल्या. “आणि पहिलं झाड मी पाडलं त्याचं कौतुक आता पुरे करा. ते पोकळ नव्हतं. मी नगरपालिकेत खोटं सांगितलं. वर पिल्लं होती हे मला माहीत होतं. भिवाजी म्हणाला होता, थांबा. मी नाही थांबले. एक पिल्लू घरी आणलं, तेही मेलं. आपण रोज नाक दाबत होतो, पण जनावर सडलेलं कधी पाहिलं होतं का इथे? ते काम ती पाखरं करत होती. त्यांना मी हाकललं, तुम्ही बॉम्ब लावले. आणि आता तेच काम आपण भाऊरावजींना सांगून राहिलो. सगळ्यांसमोर. मी हे ऐकत बसले, कोणीच काही बोललं नाही, मीही नाही.” त्या भाऊरावांकडे वळल्या, पण त्यांच्या डोळ्याला डोळा देववेना. “म्हैस ज्यांनी गिधाडं हाकलली त्यांनी पुरायची. उद्या सकाळी मी जाते.”

“बाई, काहीतरीच काय! तुम्ही कशाला?” कोणीतरी म्हणालं.

“मी येतो,” प्रभाकर म्हणाले. बाईंना ते अनपेक्षित होतं.

सकाळी कोणी जास्त आलं नाही. बाई, प्रभाकर, वंदना, दोन तरुण शेजारी, आणि बऱ्याच उशिरानं, तोंडाला ओला पंचा बांधून, केशवराव. म्हशीच्या शेजारीच खड्डा खणायचा ठरलं. जमीन वाळूची, खणली की कडा ढासळायची. प्रभाकरांना दोनदा ओकाऱ्या झाल्या. बाईंच्या हाताला फोड आले, ते फुटले. उन्हं डोक्यावर आली तरी म्हैस खड्ड्यात जाईना. शेवटी पहारी घालून, ढकलून, वरून चुना टाकून माती लोटली. केशवराव वाळूत बसून धापा टाकत होते. “एवढी मोठी म्हैस,” ते कोणालाही उद्देशून न बोलता म्हणाले, “अन् ती पाखरं एका सकाळीत साफ करायची.” मग घरी गेले आणि दोन दिवस झोपूनच होते. त्यानंतर बॉम्ब वाजले नाहीत. पलीकडच्या कहूचंही पुन्हा कोणी नाव काढलं नाही.

संध्याकाळी भाऊराव फाटकाशी आले. बाई लगबगीनं बाहेर गेल्या. मनात कुठेतरी वाटलं, हे दोन चांगले शब्द बोलतील.

“बाई, तुम्ही बोलल्या ते बरं केलं,” भाऊराव म्हणाले. “पण माझ्यासाठी बोलल्या असं मनात नका ठेवू. माझ्यासाठी मी बोललो होतो. तुम्ही तुमच्यासाठी बोलल्या.”

“हो,” बाई म्हणाल्या.

“हाताला हळद लावा,” एवढं म्हणून ते गेले.

बाई फाटकाला धरून उभ्याच राहिल्या. ओसरीवर उभं राहून सगळं सांगितलं की अंगावरचं ओझं उतरेल, असं त्यांना वाटलं होतं. ते तसूभरही उतरलं नव्हतं. फक्त आता ते लपवायचं नव्हतं.

जुलैत वंदना एम.एस्सी.ला नागपूरला गेली. जाताना पाया पडली. गाडी सुटताना खिडकीतून म्हणाली, “आई, पलीकडच्या झाडावर लक्ष ठेवशील? दिवाळीनंतर घरटी बांधायला लागतील.” बाईंनी मान हलवली. लेकीच्या त्या सांगण्यात माफी होती की नव्हती, ते त्यांना ठरवता आलं नाही. पण एक काम सांगितलं होतं, आणि ते त्यांनी केलं. पाऊस सरल्यावर रोज शाळेतून येताना त्या पुलावरून पलीकडे जायच्या, मसणवट्यामागे थोडा वेळ उभ्या राहायच्या. लोक काय म्हणतील याची लाज वाटण्याचे दिवस त्यांच्यापुरते संपले होते. मार्गशीर्षात दोन घरटी दिसली. पूर्वी इकडच्या कहूवर याच्या तिप्पट-चौपट तरी असायची.

त्या हिवाळ्यात आठवी-नववीच्या मुलींची सहल निघाली तेव्हा बाईंनी ती पलीकडच्या काठावर नेली. मसणवट्यामागून जायचं म्हणून मुली आधी कुजबुजल्या, मग झाडाखाली पोचल्यावर गप्प झाल्या. बाईंनी त्यांना लांब, बांधाच्या आडोशाला बसवलं. एक गिधाड आलं, घरट्यातलं दुसरं उठलं, पंख उघडले, आणि एका फटक्यात नदीवर तरंगत निघून गेलं. “अगं बाई!” कोणीतरी श्वास रोखून म्हणालं. बाई त्यांना हळू आवाजात सांगत राहिल्या: अंडं एकच घालतात, दोघंही पाळीनं उबवतात, पोटळीत साठवून आणतात. सांगताना त्यांच्या लक्षात आलं, आपण सगळं वंदनाच्याच शब्दांत सांगतो आहोत.

खाटकाची मुलगी पुढेच बसली होती. तिनं नदीच्या अलीकडे-पलीकडे नजर टाकली आणि विचारलं, “बाई, तुमच्या घरासमोर पण होतं ना असं झाड? तिथली कुठे गेली?”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. कुत्र्यासाठी म्हणून रोज पुडी बांधून देणारा तिचा बाप त्यांना आठवला.

“ते मी तोडवलं,” त्या म्हणाल्या. “वर पिल्लं होती, हे माहीत असून. त्यातली काही झाडाखाली चिरडून मेली. एक मी घरी आणलं होतं. तुझ्या बाबांकडून जे तुकडे न्यायची ना, ते त्याच्यासाठी. माझ्याकडे कुत्रं नव्हतं.”

मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. कोणी हसलं नाही. खाटकाच्या मुलीनं बराच वेळ बाईंकडे पाहिलं, जणू तिला आणखी काही विचारायचं होतं, पण विचारावं की नाही ते कळत नव्हतं. मग ती घरट्याकडे वळून बसली. ऊन बांधावर चढलं होतं. मागे कोणीतरी हळूच विचारलं की आता डबे उघडायचे का, आणि बाई म्हणाल्या, उघडा, पण हळू बोला, आणि एकही कागद इथे टाकायचा नाही.